सपाट बुडाचा डोंगा

जेवायला मी पाटावर बसत नाही. लग्नानंतर सुरुवातीला बायकोला वाटलं, ही सासरची काही रीत असेल. मग वाटलं, पाठीचं दुखणं असेल. पुढं तिनं विचारणं सोडलं आणि माझ्यापुरतं पोतं अंथरू लागली. पाट जमिनीवर घट्ट बसतो, जरासुद्धा हलत नाही, आणि मला तेच सोसत नाही. झोपायला मला सैल विणीची बाज लागते, कूस बदलली की झोळीसारखी डुलणारी. जी वस्तू हलत नाही ती काहीतरी दाबून ठेवते, असं माझ्या अंगाला वाटतं. मी शाळामास्तर आहे, समजावून सांगणं हे माझं रोजचं काम. पण अंगाला समजावता आलं नाही.

याच्या मुळाशी एक डोंगा आहे. तो मी निवडला होता, आणि त्यातून माझा मोठा भाऊ गेला. आमच्या गावात हे लहानथोरांना ठाऊक आहे. कोणी मला दोष दिला नाही, आणि त्यामुळं तो माझ्याजवळच राहिला.

गाव वर्धा नदीच्या काठावर. तळेगावचा बाजार हाच आमचा बाजार. गावाबाहेर नदीच्या उंचवट्यावर साहेब लोकांचा मुक्कामाचा बंगला होता आणि बाबा तिथे चौकीदार. थंडीत गोरे साहेब येत, दिवसा शिकार करत आणि उन्हं कलली की मासे धरत. मासे धरायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. गळाला गांडूळ नाही, कणीक नाही. कोंबड्याच्या मानेची पिसं रेशमी दोऱ्यानं गळावर बांधून ते खोटी माशी करत आणि तेल लावलेल्या लांब रेशमी दोरीच्या टोकाला ती बांधत. बांबूच्या चिरफाळ्या चिकटवून केलेली लवलवती काठी मागे झोकायची, दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे फेकायची. माशी पाण्यावर अशी उतरे की जणू आपणहून येऊन बसली. मरळ मासा खालून येई आणि पाणी फोडून तिला घेई. त्याचा आवाज अजून मला भर वर्गात ऐकू येतो. ओल्या फडक्याचा फटका मारावा तसा.

बाबा साहेबांच्या मागे जाळी धरून उभे राहता राहता हे सगळं शिकले. देश सोडून जाताना एका साहेबानं ती काठी बाबांना दिली. बाबांकडून दादा शिकला, आणि बाबांच्याही पुढे गेला. मला ते कधी जमलं नाही. मला पोहताच येत नव्हतं, आणि नदीकाठी वाढून पोहता न येणं हे मी चतुराईनं झाकून ठेवलं होतं. मास्तर झाल्यावर तर ते सोपंच झालं. मास्तराला कोण नदीत ओढणार?

अडचण बाभळींची होती. डोहाच्या आमच्या काठाला पाण्यापर्यंत बाभळी दाटलेल्या. काठी मागे झोकली की माशी बाभळीत अडकायची. दादा काट्यांत हात घालून ती सोडवायचा आणि परत अडकवायचा. साहेबांची फळ्यांची नाव बंगल्याबरोबर सरकारजमा झाली होती. दादा म्हणू लागला, पाण्यात जाऊन उभं राहायला हवं. मागं मोकळं, पुढं मोकळं. त्यासाठी डोंगा हवा, आणि असा हवा की ज्यात उभं राहून काठी फेकता येईल. गोरे साहेब जाऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा.

डोंगा म्हणजे अखंड खोड कोरून केलेली होडी. आमच्या घाटावरचा म्हातारा भोई डोंगे करी, चालवी आणि विकीही. त्याच्याकडे त्या वैशाखात दोन होते. एक गोल बुडाचा, पोट सुटलेल्या माणसासारखा. दुसरा रुंद, बूड सपाट. दादा आधी गोल डोंग्यात चढला. डोंगा लगेच डुलला, इकडून तिकडं. दादा गुडघे सैल सोडून उभा राहिला आणि हसत सुटला.

"पाय टाकला का बोलाले लागते गा हा!"

मी चढलो आणि दोन्ही हातांनी काठ धरून खाली बसलो. भोई किनाऱ्यावरून म्हणाला, "गुरुजी, डोंगा पकडून ठेवता का उडून जाईन म्हणून?"

मग आम्ही सपाट डोंग्यात गेलो. काहीच झालं नाही. मी उभा राहिलो, एका पायावर भार दिला, दुसऱ्या पायावर दिला. शाळेच्या ओसरीवर उभं राहावं तसं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि भाषण सुरू केलं. कापसाच्या गाडीचं उदाहरण दिलं. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, उंच भरलेल्या गाड्या उलटताना लहानपणापासून पाहिलेल्या. ज्या गाडीची चाकं एकमेकांपासून लांब ती उलटत नाही, जिची जवळ ती उलटते. तेव्हा ज्याचं बूड रुंद आणि सपाट, तो डोंगा पक्का.

"गुरुजी, गाडी जमिनीवर चालते," भोई म्हणाला.

"मग?"

"मंग काई नाई. तुमच्या मनानं घ्या बाप्पा. मले दोनीबी इकाचेच हायेत."

दादा गोल डोंग्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "त्यात मी येणार नाही." दादा काठी फेकत असताना बांबू रेटून डोंगा जागेवर ठेवायला कोणीतरी लागणारच होतं, आणि तो मीच होतो. दादानं माझ्याकडं पाहिलं. मला पोहता येत नाही हे घरात त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. त्यानं ते भोयासमोर काढलं नाही.

"गुरुजी म्हणते त हाच घेऊ," तो म्हणाला.

मी एवढ्यावरही थांबलो नाही. गावच्या सुताराला बोलावून डोंग्याचं बूड आणखी तासून घेतलं. रंधा फिरवल्यावर ते इतकं सपाट झालं की अंगणात पालथं ठेवलं तर माय त्यावर पापड लाटू शकली असती. तसं ती म्हणालीसुद्धा.

तो उन्हाळा आमचा फार आनंदात गेला. हे मला लिहायलाच हवं, कारण नंतर सगळे असं बोलत की तो डोंगा पहिल्यापासूनच वाईट होता. तो वाईट नव्हता. तांब्या भरून मध्ये ठेवला तर थेंब सांडत नसे. दादा उभा राहून माशी फेकी, नेहमी डाव्या पायावर भार टाकून, आणि मी मागे बसून बांबू रेटी. बाबा काठावरून ओरडत, "मागं उलगडू दे! घाई कायची हाय?" माझी भीती मोडली. डोंग्यात बसून मी मुलांच्या वह्या तपासल्याचं आठवतं.

पावसाळा उरकला, पाणी निवळलं. नवरात्र होऊन गेलं होतं. सकाळची वेळ होती, बाबा त्या दिवशी काठावर नव्हते. दादाची माशी लव्हाळ्याच्या कडेला उतरली आणि मरळीनं ती घेतली. एवढा मोठा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. काठी मुठीपासून वाकली. दादा डावीकडे झुकला. मासा डोंग्याच्या जवळून, अगदी बाजूनं, वर आला, आणि त्याला पाहायला मीही डावीकडे झुकलो.

डोंगा हलला नाही. दोघांचा भार एका बाजूला गेला तरी क्षणभर तो तसाच होता, पाटासारखा. मग तो नव्हताच. मधलं काही झालंच नाही. कललो, सावरलो, घाबरलो, यांतलं काहीच नाही. मी पाण्याखाली होतो आणि माझ्या डोक्यावर लाकूड होतं.

मी त्या लाकडाला लटकून वाचलो. दादा पट्टीचा पोहणारा होता, पण ती रेशमी दोरी त्याच्या पायांत अडकली होती. पलीकडच्या काठानं गुराखी धावले. दादा खालच्या वळणावर सापडला. काठी लव्हाळ्यात अडकलेली भोयानं आणून दिली. बाबांनी ती पुसली, तिचे तुकडे वेगळे केले आणि आढ्याला टांगली. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, दिवसकार्याला नाही, पुढंही नाही. मी वाट पाहत होतो. त्यांनी विचारावं म्हणून मी त्यांच्या समोर समोर राहत असे.

आमच्या घाटावरच्या भोयांची एक रीत आहे. ज्या डोंग्यातून माणूस गेला तो पुन्हा पाण्यात टाकत नाहीत, फोडत नाहीत, चुलीत घालत नाहीत. पुराचं पाणी पोचणार नाही इतक्या वर नेऊन पालथा घालून ठेवतात. आमचा डोंगा तसा घाटाच्या वर लिंबाखाली पालथा पडला. सपाट बूड वर आलं. लोक त्यावर बसू लागले. घाटावर येणारा जाणारा त्यावर टेकून विडी ओढी, बायका धुण्याची बोचकी ठेवत. बसायला तो उत्तमच होता. जरासुद्धा हलत नसे.

मी पोहायला शिकलो. तिशी जवळ आली असताना, पोरांच्या देखत, भोयाच्या नातवंडांबरोबर. मग मी दुसरं काम सुरू केलं, आणि ते का केलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. रविवारी मी घाटावर जाई, भोयाकडून एखादा डोंगा मागून घेई, कमरेएवढ्या पाण्यात नेई आणि मुद्दाम उलटवी. एकदम नाही. उभं राहायचं, एका पायावर हळूहळू भार द्यायचा, डोंगा काय करतो ते तळपायांनी ऐकायचं, आणखी भार द्यायचा, तो जाईपर्यंत. मग पाण्यातून वर येऊन डोंगा सरळ करायचा, पाणी उपसायचं आणि दुसऱ्या बाजूनं तेच.

घाटावर माझं नाव पडलं.

"आले बुडे गुरुजी!"

"गुरुजी, घरी इहीर नाई काय?"

"राहू द्या गा. शाळेत पोट्टे नापास होते, इथं गुरुजी सोता होऊन राह्यले."

हसणाऱ्यांत भोई सगळ्यात पुढे असे. पण डोंगा द्यायला त्यानं कधी नाही म्हटलं नाही. एकदा मी विचारलं, "तेव्हा मला सांगितलं का नाही?" तो विडी विझवत म्हणाला, "सांगतलं असतं त आयकलं असतं तुमी?" आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "अन् मलेबी का मालूम होतं? आमी उभ्यानं कुठं मासे धरतो? आमी बसतो, जाळं टाकतो. बसणाऱ्याले सपाटच बरा." हे खरं होतं. उभ्यानं मासे धरणं ही साहेबांची गोष्ट होती. त्या घाटावर त्याचं ज्ञान कोणाकडेच नव्हतं, आणि मी मात्र ज्ञान असल्यासारखा बोललो होतो.

त्या रविवारांत मला कळलं ते एवढंच. सपाट बुडाचा डोंगा पहिल्यांदा हलतच नाही. तो भार सोसत राहतो, सोसत राहतो, आणि एका रेषेपलीकडे एकदम टाकून देतो. ती रेषा कुठं आहे ते आधी कळत नाही. गोल बुडाचा पहिल्या पावलापासून डुलतो, माणसाला घाबरवतो. पण कलत गेला तरी कललेला राहू शकतो. काठ पाण्याला टेकेपर्यंत जातो आणि भार काढला की परत येतो. दादानं हे एका पावलात ओळखलं होतं. बोलाले लागते, म्हणाला होता.

असं काही वर्षं चाललं. मग एका दिवाळीनंतर मी घरी बाजेची सैल झालेली दावण, म्हणजे पायथ्याची दोरी, ओढायला घेतली तेव्हा बाबा समोर बसले होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता आणि दुसऱ्यात उतरत होता. ते म्हणाले, "वढू नको. सैलच ऱ्हाऊ दे तुले." मग म्हणाले, "लोक म्हणते तू डोंगे उलटून राह्यला."

"हो."

"मंग? सापडला का न उलटणारा?"

"न उलटणारा नसतो, बाबा."

"मंग कायले करते?"

मी विचार करून म्हणालो, "उलटण्याआधी सांगणारा असतो."

बाबा हातांनी दावणीची दोरी चाचपत होते. मग म्हणाले, "मले डोहात घेऊन चाल एक डाव. उभ्यानं माशी टाकाची हाय. दिसते तवरक."

माय चुलीजवळून उठून दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं.

"एक देला नदीले. आता तुमी जा. मंग ह्यो जाईन. मी बसतो इथं भाकरी थापत, कोनासाठी थापू थे सांगून जा."

बाबा मला म्हणाले, "तू निवडजो."

डोंगा निवडायला मी बाबांना बरोबर घेऊन गेलो. घरी थांबायला ते तयारच नव्हते. भोयाकडे एक नवा डोंगा होता, मोहाच्या खोडाचा, बूड गोल, पण मध्ये चांगला भरलेला, काठ उंच. मी तो पाण्यात नेला. बाबा चालायची काठी टेकून वाळूवर उभे. त्यांना आकार दिसत होते, चेहरे नाही.

डोंगा मोकळा असतानाही किंचित डावीकडे कललेला राही. कोणी त्या बाजूला बसलं असावं तसा. मी पाण्यातच थांबलो. भोई म्हणाला, "झाडाचा एक आंग जड राह्यते गुरुजी. उजव्या बाजूनं बारीकसा धोंडा ठेवा, सरळ होईन. समदेच ठेवते."

मी आत चढलो. डुलला. उभा राहिलो, डावीकडे भार दिला. डोंगा कलला आणि थांबला. आणखी दिला. आणखी कलला आणि थांबला. काठ पाण्याला टेकला, घोटभर पाणी आत आलं, मी भार काढला आणि तो परत आला. असं मी पुन्हापुन्हा केलं. भोई बाबांना सांगत होता, "पाहा, तुमचा लेक आंघोळ करून राह्यला!" शेवटी तो कुठवर सोसतो ते पाहावं म्हणून मी डोंग्याच्या काठावरच चढलो, सगळा भार तिथं टाकला, आणि तो उलटला.

पाण्यातून वर आलो तेव्हा बाबा वाळूवर नव्हते. ते गुडघ्याएवढ्या पाण्यात होते, धोतर भिजलेलं, काठी मागे वाळूत पडलेली. दोन्ही हात पुढे करून ते माझ्याकडे नाही, डोंग्याच्या आवाजाकडे पाहत होते. भोई हसायचा थांबला होता.

"आला का वरते?" बाबा म्हणाले.

"आलो, बाबा."

"हाच घे मंग."

भोई धोंडा शोधायला लागला. बाबा म्हणाले, "धोंडा नको. हाय तसाच ऱ्हाऊ दे."

थंडीतल्या एका दुपारनंतर आम्ही गेलो. बाबांनी काठी आढ्यावरून काढून महिनाभर तिच्यावर हात फिरवला होता. दोरी नवी वळली होती, तिला तेल पाजलं होतं. माशी त्यांनी न पाहता, बोटांनी बांधली. माय आमच्या मागून घाटापर्यंत आली. इतक्या वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती, धुणंसुद्धा विहिरीवर धूत असे. ती पालथ्या डोंग्यापाशी थांबली, तिथून पुढे आली नाही.

मी डोंगा डोहात नेला. बांबू तळात रोवला आणि धरून बसलो. बाबा उभे राहिले. डोंगा डुलला, डावीकडे जास्त. माझं सगळं अंग त्याला सावरायला निघालं आणि मी ते आवरलं. बसलेल्यानं सावरायला जायचं नसतं, डोंग्याचं डोंग्याला करू द्यायचं असतं. हे मी शिकलो होतो. शिकणं आणि बाप समोर उभा असताना ते करणं यात फार अंतर होतं. बाबांचे गुडघे आधी ताठ होते, मग सैल झाले. त्यांनी काठी मागे झोकली, थांबले, दोरी मागे मोकळ्यावर पूर्ण उलगडली, आणि पुढे सोडली. माशी उतरली. त्यांना ती दिसत नव्हती.

"कुठं पडली?"

"लव्हाळ्यापासून हातभर अलीकडे."

"अजून पुढं पाह्यजे."

परत टाकली, परत विचारलं, परत सांगितलं. दादा असाच उभा राही. सारखं मला वाटत होतं की बाबांच्या आणि माझ्या मध्ये कोणीतरी डाव्या काठाला टेकून बसलं आहे आणि त्याच्या भारानं डोंगा कललेला आहे. मी त्या जागेकडे पाहत नव्हतो. नंतर पाहू लागलो.

मग तो आवाज झाला. ओल्या फडक्याचा. बाबांची काठी वाकली, ते डावीकडे झुकले. पाणी अगदी जवळ फुटलं. मला मासा पाहायचा होता. खरं सांगतो, त्या क्षणालाही पाहायचा होता, मान वळलीच होती. मी माझे डोळे डाव्या काठावर खिळवले, लाकूड आणि पाणी यांच्यामधल्या बोटभर जागेवर, आणि जागचा हललो नाही. डोंगा कलत गेला. ती जागा कमी कमी झाली. काठ पाण्याला टेकला. घोटभर पाणी आत आलं आणि बाबांच्या पायांवरून माझ्याकडे वाहत आलं.

डोंगा तिथं थांबला.

दोरी सैल पडली, मासा सुटला. बाबा सरळ झाले आणि डोंगा हळूहळू परत आला. बाबा खाली बसले. त्यांना धाप लागली होती. काठी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली. डोंग्यातलं पाणी इकडून तिकडं होत होतं.

"तू तवा कोन्या बाजूले झुकलता?" बाबांनी विचारलं.

इतकी वर्षं मी या प्रश्नाच्या समोर समोर राहिलो होतो.

"याच बाजूला. डाव्या."

"काऊन?"

"मासा पाहायला, बाबा."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं आता ते म्हणतील. जे काय म्हणायचं असेल ते म्हणोत, मी तयार होतो, बसल्या जागी तयार होतो.

"दिसला काय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मासा. त्याचा मासा. दिसला काय तुले?"

"दिसला."

"केवढा होता?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. पंचनाम्याला विचारलं नव्हतं, दिवसकार्याला आलेल्यांनी विचारलं नव्हतं. आणि मला ते जसंच्या तसं आठवत होतं. पाठीचा काळा रंग, पोटाकडचे पिवळट पट्टे, उघडा जबडा आणि कोपऱ्यात बाबांनी बांधलेली तांबडी माशी. मी सांगायला लागलो आणि शब्दांनी नीट सांगता येईना. दाखवायला हवं होतं. पण एका हातात बांबू होता आणि दुसऱ्या हातानं मी, मला न कळत, डोंग्याचा काठ धरला होता. इतक्या रविवारांनंतरही धरलाच होता.

मी बांबू आत घेतला. काठ सोडला. दोन्ही हात हवेत धरून अंतर दाखवलं. डोंगा डुलला.

बाबांना ते नीट दिसेना. ते पुढे सरकले, हात पुढे केले आणि माझा एक पंजा चाचपला, मग दुसरा. मग आपले हात माझ्या हातांच्या आत घालून ते अंतर मोजलं. एकदा मोजलं, परत मोजलं. डोंगा सबंध वेळ डुलत होता, कोणी त्याला धरलेलं नव्हतं, आणि प्रवाह आम्हाला हळू हळू घाटाकडे नेत होता.

"मोठा होता," बाबा म्हणाले.

"हो."

"म्या कदी एवढा नाई काहाडला."

घाटाला लागलो तेव्हा उन्हं उतरली होती. माय पालथ्या डोंग्यावर बसली होती, नदीकडे पाठ करून. दुसरं काही बसायला नव्हतं तिथं. आमच्या पावलांची चाहूल लागली तरी ती वळली नाही. आधी तिनं दोघांच्या पावलांचा आवाज ऐकून घेतला असावा, मग वळली. बाबांच्या ओल्या धोतराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आले," ती म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात, "अन् मासा?"

बाबांनी काठी माझ्याकडे दिली. तिच्या समोर उभं राहून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, बरोबर तेवढ्या अंतरावर.

"एवढा होता."

"मंग कुठं हाय?"

"आजचा नाई. त्याचा."

बाबा हात तसेच धरून उभे होते, आणि माय त्या हातांच्या मधल्या जागेकडे पाहत राहिली.